बांधाकडं चालत येणाऱ्या खुंट्या

सावळारामला संशयी म्हणणं म्हणजे मिरचीला तिखट म्हणणं. आळेफाट्यावरनं उगवतीला निघालं की आण्याचं पठार चढायच्या आधी एक वस्ती लागते, तिथला हा गडी. डेअरीवर दुधाची फॅट काढताना सगळे मशीनवरच्या आकड्याकडं बघतात. हा मशीन चालवणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. जावई वाकून पाया पडला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी ह्याच्या मनात यायचं, 'आज काय मागाय आलाय?' त्याची बायको साळुबाई म्हणायची, "ह्यांच्या म्होरं साक्षात देव उभा राह्यला, तरी आदी आधार कार्ड मागत्याल."

पण माणूस उगाच असा होतो व्हय? सावळाराम मिसरूड फुटायच्या वयाचा होता, तेव्हा त्यांच्या बांधावर तीन माणसं आली. हातात टेप, काखेत खुंट्या. बापानं विचारलं, "काय चाललंय, पावणं?" ते म्हणाले, "काही नाही बाबा, नुसतं बघतोय." बापानं त्यांना गूळ घालून चहा पाजला. नुसतं बघता बघता त्यांनी खुंट्या ठोकल्या, त्यांच्यावर आकडे घातले आणि गेले. पुढं त्याच रेघेवरनं डांबरी सडक गेली. निम्मं रान गेलं, बांधावरचे आंबे गेले. मरेपर्यंत म्हाताऱ्याच्या तोंडी एकच होतं, "मी चहा पाजला रं त्यांना, चहा पाजला." ते ऐकत वाढलेल्या पोराला तुम्ही विश्वास ठेव म्हणून सांगा बरं!

आता उरलेलं रान शाळेला लागून होतं. अलीकडं शाळेचं मैदान, मग बांध, बांधापलीकडं सावळारामचे कांदे आणि विहीर. शाळेत दोन वर्षांमागं रत्नदीप सर आले. आंबेगाव तालुक्यातले, घोडेगावकडचे. हे सर पुस्तक उघडायचेच नाहीत. लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून पोरांकडनं वीज काढून घ्यायचे, काचेच्या बरणीत गांडुळं पाळायचे, उसात बिबट्याचं पाऊल उमटलं तर त्यात प्लास्टर ओतून ठसा काढायचे. पोरं खूष. सावळारामची नात आरोही सातवीत होती, ती तर जेवतानासुद्धा सरांचंच पुराण लावायची. सावळारामला मात्र घास गोड लागेना.

"सरकारनं पुस्तक दिलंय," तो साळुबाईला म्हणायचा, "वाचून दाखव आन् पगार घे. हा वाचत का न्हाई? कायतरी गोम हाय."

"गोम तुमच्या डोस्क्यात हाय," साळुबाई म्हणायची आणि भाकरी थापायची.

पाऊस ओसरला आणि सरांनी मैदानाच्या कडेला दोन पुरुष उंचीपेक्षाही मोठा बांबू रोवला. त्याच्यापासनं थोड्या अंतरावर एक खुंटी ठोकली. तिचं टोक लाल, त्याच्यावर पांढरा आकडा. एक. पुढच्या सोमवारी दुसरी खुंटी, पहिलीच्या पुढं. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी. सावळाराम बांधावर उभा राहून बघायचा. दर सोमवारी एक खुंटी आणि दर खुंटी बांधाच्या जवळ! दिवाळी झाली, तशी ही रांग जराशी उगवतीकडं कललीही. विहीर उगवतीलाच होती.

"काय गं, कसल्या खुंट्या त्या?" त्यानं आरोहीला गाठलं.

"सावली मोजतोय, आबा. दर सोमवारी साडेबारा वाजता बांबूची सावली जिथं संपती, तिथं खुंटी."

"सावली मोजाय खुंट्या कशाला? सावली काय सातबाऱ्यावर चढवायचीय?"

आरोही खो खो हसली. सावळाराम हसला नाही.

"कुठवर जाणार हायती त्या?"

"ठावं न्हाई. सर सांगतच न्हाईत. म्हणतात, तुमीच बघा."

पोरीनं सरळ सांगितलं, पण सावळारामला तेच बोचलं. जो माणूस सांगत नाही, त्याच्याकडं सांगण्यासारखं काहीतरी असतंच. दुसऱ्या दिवशी त्यानं सरांची मोटरसायकल वाटेतच अडवली.

"सर, त्या खुंट्या कुठवर जाणार?"

सर हसले. "आबा, ते मी पोरांनासुद्धा सांगितलेलं नाही. सांगून टाकलं तर त्यांनी बघायचं काय? त्यांचं त्यांनी शोधू द्या."

"म्हंजी तुमाला ठावं हाय."

"मला ठाऊक आहे."

"आन् सांगणार न्हाई."

"नाही," सर मजेत म्हणाले आणि किक मारून निघून गेले.

झालं! सरांच्या जागी सावळारामला ते जुने तिघं दिसायला लागले. तेही असेच हसले होते. त्याचं जेवण सुटलं. शेजारच्या गेणभाऊला त्यानं बांधावर बोलावून रांग दाखवली, तर गेणभाऊ म्हणाला, "राव, पोरांचा खेळ त्यो. तुमाला कावीळ झालीय, सगळं पिवळं दिसतंय." त्या दिवसापासनं गेणभाऊसुद्धा संशयितांत जमा झाला.

मार्गशीर्ष लागला तशा खुंट्या जवळजवळ पडू लागल्या. आधी हात-हात अंतर असायचं, आता वीतभर, मग चार बोटं. वर्गात पैज लागली होती, डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी निकाल. आरोहीच्या वर्गातला सूरज म्हणायचा, सावली बांध ओलांडून थेट आबांच्या विहिरीवर जाणार. सगळा वर्ग त्याच्या बाजूनं. एकटी आरोही म्हणायची, "न्हाई. ती दमलीय. माघारी फिरणार." का, तर खुंट्या जवळ पडायला लागल्यात म्हणून. पोरगी हट्टाला पेटली होती. पुढल्या वर्षी ती आळ्याच्या हायस्कुलात जाणार, हा बांबू तिला पुन्हा मिळणार नव्हता. जे दिसायचं ते ह्याच वर्षी दिसायला हवं होतं. रोज अभ्यासाला बसली की म्हणायची, "आबा, येत्या सोमवारी बघा तुमी. येत्या सोमवारी कळतंय."

सावळारामनं त्यातलं एवढंच उचललं, की सूरज विहिरीचं नाव घेतो. पोर ते. घरात ऐकल्याशिवाय बोलेल का? आणि खुंट्या जवळ पडतात म्हणजे काय, हद्दीजवळ आल्यावर माणूस जपूनच पाय टाकतो.

नाताळ होऊन गेला. शेवटची खुंटी बांधापासनं जेमतेम दोन हातांवर आली. रविवारी शाळा बंद होती, सगळी वस्ती कांद्याच्या लागणीला वाकलेली, कुणाची मान वर नव्हती. सावळारामनं कांद्याचं पाणी पाट फोडून मैदानात सोडलं. जमीन लोण्यासारखी झाली. मग चपला बांधावर काढून तो उतरला आणि एकेक खुंटी उपटत गेला. उपटायची आणि भोक टाचेनं दाबून बुजवायचं. बांबूला त्यानं हात लावला नाही. बांबू काय, कुणाचाही असतो. खुंट्या त्यानं बंबात घातल्या. सोमवारी सकाळी आरोही त्याच पाण्यानं अंघोळ करून, वेणी घालून, गाणं गुणगुणत शाळेत गेली. तेवढं बघून त्याच्या काळजात चर्र झालं, खोटं का सांगा. पण रान वाचलं होतं.

शाळेत एकच गलका उठला. पोरं मैदानभर धावली, चिखल तुडवला. सावळाराम कांद्यात उभा राहून कान देत होता. सर आले, ओरडले नाहीत. म्हणाले, "कुणी केलं ते राहू दे. आधी काय दिसतंय ते बघा." बाकीची पावलं पोरांनी तुडवून टाकली होती, पण बांधाजवळ एक उरलं होतं, टाच खोल रुतलेलं. पोरांनी बिबट्याच्या पावलात ओततात तसं त्यात प्लास्टर ओतलं. वाळल्यावर सूरजनं ठसा उचलून पाण्यानं धुतला. टाचेवर दोन भेगा, एकीत एक शिरलेल्या, स्पष्ट उमटल्या होत्या. आरोहीनं वाकून बघितलं आणि ती एकदम सरळ झाली. थंडी पडली की आबांच्या भेगांत आमसुलाचं तेल भरायचं काम तिचंच होतं. तिनं वळून बांधाकडं बघितलं. सावळारामनं पाय आणखी चिखलात खुपसले.

तेवढ्यात साडेबारा वाजले. सरांनी सांगितलं म्हणून सूरजनं सावलीच्या टोकाला एक दगड ठेवला. दगड बसला टाचेच्या खड्ड्याच्या अलीकडं. दोन बोटं अलीकडं, बांबूच्या बाजूला.

सावळारामला मात्र लगेच उमगलं. टाच जिथं रुतली, तिथंच शेवटची खुंटी होती. सावली तिथवर जाऊन माघारी आली होती! म्हणजे खुंट्या बांध ओलांडणारच नव्हत्या. कुणी येत नव्हतं, कुणी रान मोजत नव्हतं. सावलीच होती ती. आणि ही एवढीशी पोर एकटी खरं बोलत होती.

"आता काय उपेग?" सूरज म्हणाला. "खुंटीच न्हाई तर सावली म्होरं गेली का मागं, कशावरनं ठरवायचं?"

आरोही मटकन खाली बसली. कुणीतरी म्हणालं, ठसा घेऊन पाय मोजत फिरू. सूरजनं बांधाकडं बघितलं. "सगळ्यात जवळ तर आबाच असत्यात. आरोही, तुझ्या आबांचा पाय बघू का?"

"त्यांचा न्हाई," आरोही म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "त्यांच्या पायाला मी रोज तेल लावते. हा त्यांचा न्हाई."

"आरोही सांगते म्हणजे नाही," सर म्हणाले. "चला, दुसरीकडं बघू."

सावळारामनं उभ्या जन्मात कुणाचा शब्द पारखून घेतल्याशिवाय घेतला नव्हता. आणि ह्या माणसानं त्याच्या नातीचा शब्द असाच घेतला, तोही नेमका खोटा, आणि तिला खोटं बोलायला लावलं होतं सावळारामनंच. त्याला तिथं उभं राहवेना. तो बांधावरनं खाली उतरला आणि अनवाणी पोरांत आला.

"थांबा, सर. पाय माझा हाय. खुंट्या मी उपटल्या. मला वाटलं… जाऊ द्या काय वाटलं त्ये. बघा." त्यानं पाय उचलून खड्ड्यात ठेवला, पाय नीट बसला. "ही शेवटची खुंटी व्हती. टाच बरोब्बर तिच्यावरच हाणली मी. सावली हितवर व्हती, आज दोन बोटं मागं आली. पोरगी जितली, सर!"

"कशावरनं?" सूरज म्हणाला.

"आरं, मी सांगतोय की!"

"आबा, इतका वेळ तुमी गपच व्हता," सूरज हळूच, पण माघार न घेता म्हणाला. "आता नातीला जितवाय बोलत असाल. पाय तुमचा असंल. पण टाच खुंटीवरच पडली, ह्ये बघितलं कुणी?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. सावळारामनं सरांकडं बघितलं.

"आबा, पोरं बरोबर विचारतायत," सर म्हणाले.

"बाबांनो, इस्वास ठेवा," सावळाराम म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. "आरोही, तू तरी सांग गं ह्यांना."

सरांनी विचारलं, "आरोही, खुंटी त्या टाचेखालीच होती का?"

तिनं नुसतं हो म्हणायचं होतं. वर्गानं ऐकलं असतं, पैज तिची झाली असती, तीन महिने वाया गेले नसते. तिनं आजोबाकडं बघितलं, खड्ड्यातल्या पायाकडं बघितलं आणि ओढणीनं डोळे पुसले.

"मगाशी मी खोटं बोलले, सर," ती म्हणाली. "पाय आबांचाच हाय. पण टाचेचं मला न्हाई सांगता यायचं. मी तिथं नव्हते."

सूरजनं दगड उचलला. पोरं वर्गाकडं निघाली, आरोहीही त्यांच्यात गेली. सावळाराम खड्ड्यात पाय ठेवून तसाच उभा राहिला.