ढाब्यावरची पंगत

कारंज्याला तहसील कचेरीसमोर माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि दाराबाहेर एक बाकडं. सासरचं किराणा दुकान शेजारीच. तिथला गोंगाट नको म्हणून मी हे वेगळं काढलं आणि दुप्पट गोंगाट मिळवला. माझ्याकडे जास्त करून निराधार योजनेचे अर्ज येतात. मी फटकळ आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. तरी लोक येतात, कारण मी भरलेला अर्ज सहसा परत येत नाही.

त्या बाकड्यावर एका टोकाला 'काम नाही' म्हणणारी माणसं बसतात. दुसऱ्या टोकाला परवान्याच्या कामासाठी आलेले दुकानदार आणि ढाबेवाले 'माणूस मिळत नाही' म्हणून कुरकुरत असतात. मध्ये हातभर जागा, पण एकमेकांकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला ते बघवत नाही. म्हणून अर्ज भरता भरता मी विचारते, "पैसे येतील तेव्हा येतील, तोवर एखादं काम धरता का?" या खोडीपायी मी दोघाचौघांना कामाला लावलं आणि त्याहून जास्त लोकांशी भांडण ओढवून घेतलं.

मागच्या श्रावणात एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. हायवेपासून आत एका गावात राहणाऱ्या. नवरा गॅरेजमध्ये कामाला होता, तो कावीळ होऊन गेला. मुलगी अकरावीत, रोज एसटीनं कारंज्याच्या कॉलेजला येणारी. बाई खुर्चीवर अर्ध्याच टेकल्या होत्या.

"व्यवसाय काय लिहू?" मी विचारलं.

"काई नाई."

"अहो, पण काही तरी येत असेल ना?"

"मले काई येत नाई, मॅडम."

मी 'काही नाही' असं टाइप केलं आणि पुढच्या रकान्यावर गेले. पुढे महिनाभरानं त्या दोन शब्दांची मला चांगलीच लाज वाटली.

अर्जाची त्यांना इतकी घाई का, ते उठताना कळलं. त्यांचा भाऊ वडनेरला शेती करतो. दसरा झाला की गाडी घेऊन येतो आणि दोघींना कायमचं घेऊन जातो, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. भाऊ वाईट असता तर सोपं होतं, पण तो प्रेमानं बोलावत होता. फक्त पोरीचं शिक्षण तिथे थांबणार, हेही तितक्याच प्रेमानं ठरलं होतं. "आपल्या हातात काई असलं त त्याले नाई म्हणता येते," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कसं म्हणाव?"

झालं, माझ्यातली समाजसेविका जागी झाली. विधवा बाई म्हटलं की आपल्या डोक्यात शिवणयंत्रच येतं. मी त्यांना शिवणाच्या वर्गाला धाडलं. पंधरा दिवसांत त्यांनी एक उशीचा अभ्रा शिवला, त्यातही उशी जाईना. मग ओळखीच्या कापड दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लावलं. गिऱ्हाईक समोर आलं की या खांबाआड. आठव्या दिवशी दुकानदारानंच मला हात जोडले. मी त्यांच्यावर डाफरले, "अर्जाच्या भरवशावर किती दिवस बसणार आहात?" त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. आज तो प्रसंग आठवला की माझ्या जिभेचा मला राग येतो.

भाद्रपदात त्यांच्याच गावात आमच्या नात्यातलं बारसं होतं. जेवणात वांग्याची भाजी, वरण आणि लंबी रोटी. जेवायच्या आधी हात धुवायला मी घरामागे गेले आणि तिथेच थबकले.

तीन दगडांवर एक रांजण पालथा घातला होता, खाली जाळ. रांजणासमोर परातीत सैलसर कणीक घेऊन त्याच बाई बसल्या होत्या. पिठाचा गोळा त्यांनी ओल्या हातावर घेतला, या तळव्यावरून त्या तळव्यावर दोनदा टाकला आणि बघता बघता तो मनगटावरून खाली उतरू लागला. कोपरापर्यंत आला. पार झिरझिरीत ओढणीसारखा पातळ झाला, पलीकडचा जाळ त्यातून दिसत होता, पण कुठे एक भोक नाही. मग दोन्ही हात किंचित पुढे गेले आणि ती हातभर रोटी एकही सुरकुती न पडता रांजणावर जाऊन बसली. तिकडे बघायचीही त्यांना गरज नव्हती. त्यांचा पुढचा गोळा हातावर होता. वाफ, धूर, मागून "रोटी आणा" अशा हाका, आणि या बाई जराही न घाबरता, न लाजता, एका लयीत हलत होत्या. माझ्या खुर्चीवर अर्धी टेकणारी ती हीच का, असा प्रश्न मला पडला.

मी हात धुवायचे विसरून गेले. खरं सांगते, मला भरून आलं. लंबी रोटी मी लहानपणापासून खात आले आहे, पण ती अशी हवेत जन्माला येताना कधी नीट पाहिलीच नव्हती. आपल्या ताटात येणारं काहीही कुणाच्या तरी हातून येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असं म्हटलं तरी चालेल.

"तुम्ही तर म्हणाल्या होत्या, काही येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी कपाळ दंडाला पुसलं. "हे काय काम हाये का, मॅडम? हे त येतेच."

गावात कुणाकडे कार्य असलं की त्यांना बोलावणं जायचं. त्या दिवसभर रांजणापुढे बसायच्या आणि जाताना शिधा घेऊन घरी यायच्या. त्याला काम म्हणतात, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. मी शिवण येतं का, ते विचारलं होतं.

त्याच आठवड्यात हायवेवरचे एक ढाबेवाले परवान्यासाठी आले. त्यांचा तंदूरवाला गावी गेला तो परतलाच नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, तंदूर विसरा. रांजण आणा." चार दिवसांत ढाब्यासमोर, ट्रकवाल्यांना दिसेल असा रांजण मांडला गेला.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी बघायला गेले. ढाबेवाले काळजीत होते. "मॅडम, ताई सकाळपासून जेवली नाई. चार वेळा म्हटलं. नाईच म्हणते."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात थांबले नव्हते. "जेवत का नाही?" मी विचारलं.

"पंगत उठू द्या न."

मला आधी कळेना, मग लख्खकन कळलं. रोट्या करणारीनं शेवटची पंगत उठल्यावर जेवायचं, हा त्यांचा नेम. लग्न असो की बारसं, तो कधी मोडला नव्हता. इथे एक ट्रक निघाला की दुसरा लागत होता, नागपूरकडचा गेला की अमरावतीकडचा. सकाळी दहापासून त्या शेवटचं माणूस उठायची वाट बघत होत्या.

"ताई," ढाबेवाले हताश होऊन म्हणाले, "माह्या ढाब्यावरची पंगत बारा वर्षांपासून उठली नाई."

मला हसू आलं, पण ते लगेच गिळलं, कारण त्या उठायला गेल्या आणि भोवळ येऊन खाटेवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत, थेट माझ्या दुकानात आल्या. "मॅडम, मले हे जमत नाई. लोकायच्या आधी जेवाले हात उठत नाई. आन ज्याले शेवट नाई, ते काम कसं कराव?" दसऱ्याला दोन आठवडे उरले होते. एरवी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, विचारलं नाही तरी असतं. त्या दिवशी मात्र मी फक्त चहा मागवला. हीच काय ती माझी मदत.

चहा संपवून कप खाली ठेवता ठेवता त्याच म्हणाल्या, "मी सांगीन तवा पंगत उठन. दोन वाजता. मंग कोणी बसला असला तरी."

ढाबेवाले कुरकुरले, पण आदल्या दिवशीच्या रोट्या खाऊन गेलेले दोन ड्रायव्हर सकाळीच 'रोटीवाली ताई कुठे' म्हणून विचारून गेले होते. म्हणून ढाबेवाल्यांनी कबूल केलं. त्या दिवसापासून दोन वाजले की बाई रांजणाखालचा जाळ ओढून घेतात आणि मोठ्यानं सांगतात, "पंगत उठली." खाटांवर बसलेले धिप्पाड ड्रायव्हर बाईंचं जेवण होईपर्यंत मुकाट्यानं थांबतात. मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

मधे एकदा त्या अर्जाचं विचारायला आल्या. तो अजून मंजुरी देणाऱ्या समितीपुढे गेला नव्हता. मी सांगितलं, आता कमाई आहे, ती लिहावी लागेल, पण घाई करू नका, मदत मागणं हा तुमचा हक्क आहे. "आता मांगे घ्या," त्या म्हणाल्या. "नाई जमलं त परत येईन. तवा तुमी हायेच." मी रद्द करायचा अर्ज लिहिला. त्यात व्यवसायाचा रकाना नसतो, याचं मला वाईट वाटलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. घरी कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत ढाब्यावर पोहोचला. भोचकपणा करायला मी हजर होतेच. साधा, मोठ्या मिशांचा, कष्टाळू माणूस. बहिणीला हायवेच्या कडेला ट्रकवाल्यांसाठी रोट्या करताना बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, चाल," तो हळूच म्हणाला. "लोक काय म्हणतीन?"

"बस. जेव," त्या म्हणाल्या. त्यानं हात धुतले आणि खाटेवर बसून खाली मान घालून जेवला.

दोन वाजले. बाईंनी जाळ ओढला, पंगत उठल्याचं सांगितलं. हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं आणि भावासमोरच्या खाटेवर मांडी घालून बसल्या. चार ड्रायव्हर बाजूला ताटकळत होते. त्या सावकाश जेवत होत्या, भाजी परत मागून घेत होत्या. भाऊ बघत राहिला. पाणी प्यायचं सोडून नुसता बघत राहिला. मग माझ्याकडे वळून, जणू कुठला तरी गुन्हा कबूल करावा तसा म्हणाला, "मॅडम, मी हिले जेवताना कधी पाह्यलंच नाई."

बाईंनी घास खाली ठेवला नाही. जेवण संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मग त्यानं भाचीच्या कॉलेजला जाणारी एसटी किती वाजता असते ते विचारून घेतलं आणि रिकामी गाडी घेऊन वडनेरला परत गेला.