बसून खायचे दिवस

आत्याबाई "मी निजतो आता" म्हणायच्या आणि पांघरूण छातीपर्यंत यायच्या आत झोपलेल्या असायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन आले तो पहिलाच दिवस. अंगणात पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या आणि ही बाई आठ वाजता आतल्या खोलीत घोरत होती. सकाळी मी जरा फुगूनच होते, तर म्हणाल्या, "पहाटे वांगे तोडाचे होते. लगन तं झालं ना तुमचं? मग मी जागून काय करू?" माझी शहरातली आई ऐकून म्हणाली, बाई विचित्रच दिसते. मलाही तसंच वाटलं होतं.

मेहकरपासून आत आमचं गाव, आणि गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर मळा. मेथी, वांगी, मिरची. घरात मोटारसायकल आली तरी आत्याबाई कधी मागे बसल्या नाहीत. हे, म्हणजे माझे यजमान, रोज म्हणायचे, "बस ना माय, सोडून देतो." आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं, "पायी गेलं की डोकं रस्त्यातच रिकामं होते. गाडीवर तं ते भरलेलंच वावरात येते." दिवसभर वाकून, बसून, पाणी देऊन त्या परत यायच्या, भाकरी खायच्या आणि झोपायच्या. "आंग थकलं पाह्यजे पोरी. आंग नाही थकलं तं मन थकते, अन् थकेल मनाले झोप नाही येत." हे त्या मिरच्यांची देठं काढता काढता बोलल्या होत्या. मी तेव्हा बी.एड. करत होते. शहाणपण पुस्तकात असतं असं मला वाटायचं.

सासरे वारले तेव्हा तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्या विळा घेऊन निघाल्या. गाव बोललं, अजून राख थंड झाली नाही आणि बाई निंदायला निघाली. मलाही लाज वाटली, मी दारात आडवी आले. त्या एवढंच म्हणाल्या, "घरात बसली तं मी मरीन." आणि गेल्या. महिनाभर रोज निंदण करता करता रडल्या म्हणे, शेजारच्या वावरातली बाई सांगत होती. पण रात्रीची झोप त्यांची कधी मोडली नाही.

मग आम्ही त्यांच्यावर उपकार केले. मला बुलढाण्याच्या शाळेत कायम नोकरी लागली, ह्यांची बदली झाली, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मळा मक्त्याने दिला. हे म्हणाले, "माय, लय राबली तू. आता बसून खायचे दिवस हायेत तुये." मीही मोठ्या उत्साहात कंबर कसली. त्यांनी झाडू उचलला की मी काढून घ्यायची. भांड्याला हात लावला की ओरडायची. समोरच्या काकू सगळ्या बिल्डिंगला सांगायच्या, सून असावी तर अशी, सासूला काडी उचलू देत नाही. ते ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांत त्या एका सकाळी म्हणाल्या, "मले झोप येऊन नाही राह्यली पोरी." मग रोजच म्हणू लागल्या. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. खुर्चीत बसून भिंतीकडे बघायच्या. एकदा ह्यांना विचारलं, "माह्यं काय चुकलं रे? काऊन कामावरून काढलं तुमी मले?" हे हसले. मीही हसले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करतात? आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत मी अभिमानाने सांगितलं, "काही नाही. आम्ही काहीच करू देत नाही." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. गोळी लिहून दिली, फक्त दहा दिवसांसाठी. खाली लिहिलं, सकाळ-संध्याकाळ चालवा, घरातली कामं करू द्या, हेच खरं औषध. गोळी आम्ही आणली. दहा दिवसांनी पुन्हा आणली, आणि आणतच राहिलो. चालवण्याचं राहून गेलं. म्हातारीला एकटीला रस्त्यावर सोडलं तर लोक काय म्हणतील, आणि सोबत जायला आम्हाला वेळ कुठे होता!

एका रविवारी दुपारी त्या घरातून गायब झाल्या. शोधत शोधत आठवडी बाजारात गेलो तर एका अनोळखी भाजीवालीजवळ पोत्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात कसे झपाझप चालत होते! भाजीवाली म्हणाली, "राहू द्या ना बाई, यांचा हात लय चांगला हाये. रोज धाडत जा." आत्याबाई लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्या दिवशी त्या पायीच घरी आल्या, दोन भाकरी खाल्ल्या आणि गोळी न घेता आठ वाजता झोपल्या. तेच घोरणं. मी दारात उभी राहून ऐकलं. मला कळलं होतं. अगदी स्वच्छ कळलं होतं.

पण समोरच्या काकूंनी त्यांना बाजारात पाहिलं होतं. "अहो, सासूबाईंना भाजी विकायला बसवलं की काय?" एवढंच त्या जिन्यात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. ह्यांना सांगितलं, कुठे पडल्या-बिडल्या तर? ते बरं म्हणाले.

त्यानंतर त्या दीड वर्ष जगल्या. शेवटी शेवटी माझं नावही त्यांना आठवत नव्हतं. मांडीवरच्या टॉवेलचे दोरे काढून त्यांच्या जुड्या बांधायच्या. तेराव्याला काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, म्हातारी नशीबवान, सुनेने शेवटपर्यंत काडी उचलू दिली नाही. मी हात जोडले.

आता मी रिटायर झाले आहे. घरात माझी सून आली आहे, गुणी आहे. परवा मी झाडत होते, तर तिने माझ्या हातातला झाडू हळूच काढून घेतला. म्हणाली, "आई, तुम्ही बसा. आता बसून खायचे दिवस आहेत तुमचे." मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती घाबरली. काय झालं, आई? तिने दोनदा विचारलं. सांगायचं तर मला त्या कुलपापासून सांगावं लागलं असतं. मी मनगट सोडलं आणि जाऊन खुर्चीत बसले.