वहिनीचं बोट

त्याला सगळे खोडरबर म्हणायचे. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून बोलावलं, की हा गडी बाजूचं झाकण उघडायचा, आतली मेमरीची पट्टी उपसायचा, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासायचा आणि खटकन परत बसवायचा. दहातले सात तेवढ्यावर उठायचे. पण एवढं सोपं आहे हे कुणाला कळायला नको. म्हणून आधी घरच्यांना खोलीबाहेर काढायचं, काम झालं की कॉम्प्युटर पुन्हा बंद करायचा, सगळ्यांना बोलवायचं आणि मालकाच्याच हातानं बटण दाबून घ्यायचं. मेलेलं यंत्र जागं झालं की लोकांचे डोळे मोठे व्हायचे आणि याची छाती.

एकदा वहिनीनं बोलावलं. थोरला भाऊ घशाच्या आजारानं जाऊन आठ वर्षं झाली होती. ऑपरेशनात आवाज जाणार हे कळल्यावर तो दहा दिवस त्या कॉम्प्युटरसमोर बसून लेकीसाठी बोलत राहिला होता. काय बोलला, कुणी ऐकलं नव्हतं. पोर चौदाची झाली की ऐकव, एवढं बायकोला बजावून गेला.

पोर चौदाची झाली. वहिनीनं कपाटामागून कॉम्प्युटर काढला, पुसला, लावला. आतून बारीक तीन शिट्ट्या वाजल्या आणि पडदा काळा तो काळाच.

खोडरबरानं मायलेकींना बाहेर काढलं, पट्टी घासली. कॉम्प्युटर उठला, पण आतली हार्ड डिस्क टकटक करायला लागली. तो आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. अशी डिस्क एकदा सुरू झाली की बंद करायची नसते. आत असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं. पेनड्राइव्ह खिशात होता. भावाच्या दहा दिवसांच्या दहा फायली समोर दिसत होत्या.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि दोघींना हाक मारली.

"दाबा वहिनी, तुमच्याच हातानं."

वहिनीनं बोट पुसलं, दाबलं. आत टक झालं, पुन्हा टक, मग पत्रा खरवडावा तसं काहीतरी, आणि सगळं गार. पडद्यावर एकच ओळ आली, डिस्क सापडत नाही म्हणून.

पोरीनं काकाकडे बघितलं. तिनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला,

"काय केलंत हो वहिनी? आत्ता तर चालत होता."

"तुम्ही म्हणालात तेच दाबलं, भाऊजी."

"असं दाबतात होय? केवढ्या जोरात."

वहिनी बोटाकडे बघत राहिली. पोर आईकडे.

"तुला हात लावायची काय गरज होती गं?" पोर म्हणाली.

खोडरबर चहाला थांबला. वहिनीनंच केला. साखर कमी पडली, तेही त्यानं सांगितलं.

पोर आता नोकरीला आहे, आईशी कामापुरतं बोलते. पंखा लावायचा झाला तरी वहिनी आधी तिला विचारते, लावू का म्हणून. खोडरबर अजूनही मालकाच्याच हातानं बटण दाबून घेतो. फक्त दाबायच्या आधी हसत हसत सांगतो, हळू दाबा हं, आमच्या वहिनीनं असंच एकदा भावाचा आवाज घालवला.