केरातून उचललेलं नाव

माझ्या मुलाने पवनानगरच्या पुढे, धरणाच्या काठाला आमची जी थोडी जमीन उरली आहे तिथे, तंबूंचा धंदा काढला आहे. पुण्यामुंबईची माणसं शनिवारी येतात, शेकोटीभोवती नाचतात आणि रविवारी दुपारी मक्याची कणसं व बाटल्या टाकून जातात. फाटकावर एक लाकडी फळी टांगलेली आहे. ती मुद्दाम जुनी दिसावी म्हणून मुलाने चार ठिकाणी जाळून घेतली. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत माझं जन्मनाव आहे. केरू. पुढे मालकी दाखवायला इंग्रजीतला एक 'एस' लावलाय.

"पप्पा, एकदम मातीतलं वाटतं," तो म्हणाला. "असं नाव आता कुणाचं नसतं. लोकांच्या लक्षात राहतं."

माझा शाळा सोडल्याचा दाखला त्याला ट्रंकेत सापडला होता. जे नाव पुसायला मी वडगावच्या कचेरीत चपला झिजवल्या, ते त्याला दोन मिनिटांत सापडलं आणि आवडलंही.

केरू म्हणजे केरातला. यात उलगडून सांगण्यासारखं काही नाही. माझ्याआधी आईला तीन मुलं झाली, दोन मुलगे आणि एक मुलगी, आणि तिन्ही पाळण्यातून उठायच्या आत गेली. चौथा मी. बाराव्या दिवशी आमच्याकडे बारसं झालं नाही. आईने पहाटे सगळं घर झाडलं, केर उंबऱ्याबाहेर गोळा केला, मला सुपात घातलं आणि ते सूप त्या केरावर ठेवून दार लावून घेतलं. शेजारची मावशी ठरल्याप्रमाणे वाटेने आली. "कुनाचं टाकलंय गं हे?" असं मोठ्याने विचारून तिने मला उचललं आणि आपल्या घरी नेलं. घटकाभराने आई तिच्या दारात गेली आणि सूपभर कोंडा देऊन मला परत मागून आणलं. म्हणजे मी आईचा राहिलोच नाही. टाकून दिलेला, दुसऱ्या कुणाला सापडलेला, कोंड्याच्या बदल्यात आलेला. न्यायला येणाऱ्याने बघावं आणि म्हणावं, हा तर केर, याला नेऊन काय करायचं.

आमच्या गावात माझ्या वयाचे धोंडू होते, दगडू होते, भिकू होते, एक उकिरडाही होता. अशा प्रत्येकाच्या आधी त्या घरात कुणी ना कुणी गेलेलं असायचं. कुणी तोंडाने सांगत नसे, पण नाव ऐकलं की बायका गप्प व्हायच्या. पुढे गावात नर्स येऊ लागली, दंडावर सुया टोचल्या गेल्या, पोरं जगायला लागली आणि ही नावं आपोआप बंद पडली. एखादं नाव मागे पडायला याहून चांगलं कारण मला माहीत नाही. आता आमच्या भावकीतली बारशी हॉलमध्ये होतात, फुग्यांच्या कमानीवर दोन अक्षरी नाव असतं आणि त्याचा अर्थ आईबापांना मोबाईलमध्ये बघून सांगावा लागतो. ते चांगलंच आहे. सगळ्यांना फुगे मिळोत.

पण मी ते नाव टाकलं ते असल्या चांगल्या कारणाने नाही. लाज वाटली म्हणून टाकलं.

शाळेत गुरुजी रोज मलाच झाडू द्यायचे आणि वर्ग हसायचा. तळेगावच्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो, तिथे हजेरीच्या वेळी नाव पुकारलं की माझ्या मानेवर घाम यायचा. मग तळेगावचंच एक स्थळ आलं. मुलगी बारावी शिकलेली, तिचे मामा मास्तर. त्यांनी माझं नाव विचारलं आणि मी तिथल्या तिथे एक दुसरंच सांगून टाकलं. ते इथे लिहीत नाही. कॅलेंडरवरच्या कुठल्याही देवाचं असतं तसं गुळगुळीत नाव आहे, आणि निवृत्तीनंतर मला तसा त्याचा काही उपयोग उरलेला नाही. सांगून झाल्यावर ते खरं करणं भाग होतं. प्रतिज्ञापत्र केलं, पेपरात जाहिरात दिली, राजपत्रात छापून आणलं. आईला यातलं काहीच सांगितलं नाही. तिला कुठे वाचता येतंय, असा माझा हिशेब.

चूक इथे झाली. आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका गावच्या भैरोबाला देतात. नुसती ठेवत नाहीत, गुरव ती देवाला मोठ्याने वाचून दाखवतो. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि नेमकी विसरलो. त्या दिवशी मुलीचे मामाही मुद्दाम देवदर्शनाला आले होते. गुरवाने हळदकुंकू लावून पत्रिका उघडली आणि वाचायला लागला. माझ्या नव्या नावाशी तो अडखळला.

"वैनी, हे कुनाचं लगीन म्हनायचं?"

"वाचा की परत," आई म्हणाली.

त्याने परत वाचलं. आई पदर सावरून पुढे झाली. "ह्यो माझा न्हवं. माझ्या पोराचं नाव केरू हाय. देवाला खोटं सांगू नगा, भाऊ."

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. वाईट माणूस नव्हते ते, पण ते हसू माझ्या डोक्यात गेलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना मी आईचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या रुतल्या असतील. म्हणालो, "पुन्हा ते नाव तोंडातून काढलंस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. मेलो म्हणून समज."

'मेलो' हा शब्द मी तीन मुलं गेलेल्या बाईला ऐकवला. तेव्हा मला तो नुसता रागाचा शब्द वाटला.

आई म्हणाली, "बरं."

त्यानंतर एकोणतीस वर्षं ती जगली आणि तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. जुन्या नाही, नव्या नाही. वडील गेल्यावर मी तिला लोणावळ्याला आमच्या घरी आणलं, एका छपराखाली राहिलो, तरी नाही. "अरं," म्हणायची. "आयकलं का," म्हणायची. सुनेला सांगायची, "त्याला जेवाय बोलीव." नातवाला सांगायची, "तुझ्या बापाला इचार." भुशी धरणाच्या गर्दीत रविवारी रस्ता अडला आणि मला घरी यायला उशीर झाला की गॅलरीत उभी राहायची, मी लांबून दिसायचो, पण हाक नाही. मी समजलो, म्हातारी आकस धरून बसली आहे. बसू दे, म्हटलं. मीही काही कमी हट्टी नव्हतो.

तिची एक खोड मात्र घरात सगळ्यांना छळायची. सकाळी उठून ती हॉल झाडायची आणि सगळा केर भरायची नाही. मूठभर दाराच्या मागे कोपऱ्यात लोटून ठेवायची. बायको वैतागायची, पाहुणे आले की तो कोपरा दिसायचा. बायकोने भरून टाकला की आई न बोलता पुन्हा कुठून तरी चार काड्या आणून तिथे ठेवायची. एकदा मी भडकलो. "आई, घर आहे की उकिरडा?"

"ऱ्हाऊ दे वाईच," ती म्हणाली. "सांजच्याला भरते."

आणि खरंच भरायची. मी कामावरून येऊन चपला काढल्या की ती सुपली घेऊन उठायची. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर घडत होतं आणि मला त्यात काही दिसलं नाही. मी शिकलेला माणूस होतो ना.

शेवटचे पाच दिवस ती दवाखान्यात होती. नर्सने कागद भरताना तिची शुद्ध तपासायला विचारलं, "आजी, मुलाचं नाव काय?" मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळख अगदी स्वच्छ होती. तिचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. ती परवानगी मागत होती, हे मला त्याच क्षणी कळलं. नुसती मान हलवायची होती. खोलीत दुसऱ्या पलंगावरचे लोक होते, त्यांच्या समोर मला लाज वाटली. पन्नाशी उलटलेला, डोक्याचे केस गेलेला माणूस, आणि मला लाज वाटली. नर्सने कागदावर लिहिलं की रुग्णाला आठवत नाही. मी ते खोडायला लावलं नाही.

तेराव्याला गावी ती मावशी भेटली, मला केरातून उचलणारी. तिला दिसत नव्हतं, पण तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केरू, तुझी आई लय भ्यालती रं."

"कशाला?"

"तू नाव टाकलंस न्हवं का. मला म्हनायची, बये, आता त्याला झाकायला काय बी न्हाई. नवं नाव घ्यावं तर ज्याला ऐकू जाया नगं त्याला ऐकू जातंय. जुनं घ्यावं तर त्यो मरायची भाषा करतो. मग म्हनायची, मी त्याच्या वाट्याचा केर दारामागं ठिवते. घरला आला की मग टाकते. तवर त्यो केरातच हाय."

मी तिथून उठलो आणि मांडवामागे गेलो. ती आकस धरून बसली नव्हती. ती एकोणतीस वर्षं घाबरून बसली होती, आणि मी तिला त्याच केरावरून बोललो होतो.

हे सगळं मी मुलाला सांगितलं आणि फळी काढ म्हणालो. त्याने मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "पप्पा, ही स्टोरी तर आपण मेनूकार्डच्या मागे छापली पाहिजे." मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण मी कुठल्या तोंडाने देणार? नाव विकणारा तो, नाव टाकणारा मी. माझ्या पाया पडून त्याने छापायचं तेवढं रद्द केलं, फळी मात्र राहिली.

शनिवार-रविवारी मी तिथे असतो. मुलगा म्हणतो, पाहुण्यांना बरं वाटतं. खुर्चीत पाय पसरून बसलेली, माझ्या मुलाहूनही लहान पोरं मला लांबून हाक मारतात, "केरू काका, दोन चाय!" हाक चांगली खणखणीत असते. धरणाच्या पाण्यावरून पलीकडे आमच्या जुन्या गावच्या बाजूला जाते. आईला तरी दुसरं काय हवं होतं? तिने एकदा हाक मारावी आणि मी ओ द्यावी, एवढंच.

"आलो," मी म्हणतो, आणि चहा घेऊन जातो.