आमची मामी, तिकडची ‘मामा सरो’

फोन हिराबाईंचा होता. सकाळची वेळ, नगरजवळ नागापूरच्या आमच्या घरात नवऱ्याचा डबा भरायची घाई चाललेली, कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन उभी. हिराबाई म्हणजे राहुरीजवळच्या गावी माझ्या मामांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजारीण. एरवी त्यांचा आवाज शेतापलीकडून ऐकू येतो; त्या दिवशी फोन कानाला दाबून धरावा लागला. “ताई, सरूबाई गेल्या…” मग म्हणाल्या, “तुमचे मामा आमच्या दारात यून हुबे ऱ्हायले अन् गानं म्हनाया लागले. मला वाटलं, आज म्हातारा लई खुशीत हाय. हासत हासत भाईर आले… अन् मग त्यांचं त्वांड बघितलं. तशीच पळत घरात गेले, तर बाई झोपल्यासारख्याच.”

बायको गेल्याचं सांगायला माणूस गाणं म्हणत शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण यशवंतमामांच्या जिभेवर त्या क्षणी दुसरं काही येतच नव्हतं. असं का, हे सांगायचं तर मामीचीच गोष्ट सांगावी लागेल. आता काही आठवडे उलटलेत, आणि ती सांगावीशी वाटते आहे.

माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मामा-मामींना मूल नव्हतं, त्यामुळे मी त्यांच्याकडेच वाढले. मामा शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि रविवारी वस्तीतल्या पत्र्याच्या छपराच्या चर्चमध्ये पास्टर म्हणून उभे राहायचे. उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा की माईकची गरज नाही. मामी पाथर्डीकडची. तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, म्हणून तिला बोर्डिंगात ठेवलं होतं. तिथं ती सातवीपर्यंत शिकली. लग्न होऊन आली तेव्हा मामांचं इंग्रजी ऐकून तिला म्हणे वाटलं होतं, हा माणूस घरातही असंच बोलणार की काय! मामा घरात फार बोलायचेच नाहीत. त्यांचं सगळं बोलणं रविवारसाठी राखून ठेवलेलं असायचं.

मामा निवृत्त झाले त्या सुमारास त्यांना बाहेरदेशातून पहिलं बोलावणं आलं. खेड्यापाड्यांतल्या पास्टरांना शिकवायला वेगवेगळ्या देशांत माणसं पाठवणारी एक संस्था होती, आणि दोघांनी मिळून यावं असा तिचा आग्रह होता. मामी आधी नाहीच म्हणाली. “मी तिथं काय करू? हे बोलणार अन् मी टकामका बघत बसणार.” मग एक दिवस तिनंच बॅग काढली, तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरली, आणि साड्यांच्या घडीत लोखंडी तवा घातला. मुंबईच्या विमानतळावर तिथल्या माणसानं तो तवा बाहेर काढून दोन्हीकडून पाहिला आणि विचारलं, हे कशाला? मामी म्हणाली, “भाकरीला. तुम्ही कशावर करता?”

त्या तव्यानं पुढं बरेच देश पाहिले. नेपाळ, फिलिपिन्स, आणि मग सर्वांत जास्त वेळा टांझानिया. तिथल्या मोठ्या सरोवराकाठी मवांझा नावाचं शहर आहे, त्याच्या पुढच्या खेड्यांतून ही दोघं फिरायची. मामा इंग्रजीत संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायचे आणि जोसेफ नावाचा तिथला तरुण पास्टर त्याचं स्वाहिलीत भाषांतर करायचा. संदेशाआधी मामा सगळ्यांना मामीची ओळख करून द्यायचे, “ही माझी पत्नी, स्वयंपाक छान करते.” लोक टाळ्या वाजवायचे, मामी उठून हात जोडायची आणि परत बसायची. इतक्या वर्षांत, इतक्या देशांत तिला कुणी बोलायला उभं केलं नाही. मी एकदा विचारलं होतं, “मामी, तुला वाईट नाही वाटत?” ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “अगं शुभे, हे बोलतात तवर मी मागं चुलीपाशी जाते. तिथं चारजणी आपोआप येऊन बसतात. कुणाचा नवरा मारतो, कुणाचं लेकरू गेलेलं असतं… ते समोरच्या बाकावर बसून कोण सांगणार?”

“पण तुला त्यांचं कळतं?”

“आधी न्हवतं कळत. आता कळतं.”

मी ते हसण्यावारी नेलं. खुणांनी, हातवाऱ्यांनी कळत असेल, असं मला वाटलं.

प्रवासाहून परत आली की अंगणात बैठक भरायची. मामा थकून आत झोपलेले असायचे आणि मामी बाहेर शेजारणींना सगळं रंगवून सांगायची. तिकडं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून खातात, तिनं ज्वारीचं पीठ मिळवून भाकरी थापून दाखवली तर बायका लहान पोरींसारख्या रांगेत बसल्या. तिकडं कपाशी आहे, अगदी पाथर्डीसारखी. “अन् ऊस?” हिराबाईंचा प्रश्न ठरलेला. “वाटंत लागला की! पन तोडायला आपल्यातलं कुनीच दिसंना, तर मला बाई चुकल्या-चुकल्यासारखं झालं.” हिराबाईंशी बोलताना मामीची भाषा लगेच तिच्या माहेरची व्हायची. सर्वांत जास्त हशा पिकायचा तो नावांवरून. स्वाहिलीत मोठ्या बाईला मानानं ‘मामा’ म्हणतात आणि म्हाताऱ्याला ‘बाबू’. सरोजिनीची तिथं ‘मामा सरो’ झाली होती. “हितं हे मामा, तिथं मी मामा,” ती म्हणायची, “अन् हे नुसते बाबू!” आतून खोकल्याचा आवाज यायचा. मामा झोपलेले नसायचेच.

मग मामांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या प्रवासाची तयारी चालली होती, आणि सकाळी चहाचा कप हातातून निसटला. नगरला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पायात हळूहळू बळ आलं, पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. धीर धरा, काही परत येतील. काही आले, ते मराठी. पाणी. उजेड. सरू. मग छोटी वाक्यं, मध्ये मोठाल्या फटी असलेली. इंग्रजी मात्र पार पुसून गेलं. ज्या भाषेवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं, तिच्यातला एक शब्द त्यांना जमेना. आणि गंमत म्हणजे, गाणं शाबूत होतं. बोलताना दोन शब्दांवर अडणारा माणूस उपासनेतलं अख्खं गीत न चुकता म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते. मनावर ताण आला, की उरलेली मराठीही जायची आणि गाणं तेवढं राहायचं.

मामांना याची लाज वाटायची. चर्चमध्ये जायचं त्यांनी बंद केलं. खिडकीजवळची खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवायला लावली. संस्थेनं आता विश्रांती घ्या असं प्रेमानं कळवलं. फक्त जोसेफचा व्हिडिओ कॉल दर रविवारी यायचा. एकदा मी तिथं असताना तो आला. मामांनी मान फिरवली. मामीनं फोन घेतला आणि बोलायला लागली… खुणा नाहीत, हातवारे नाहीत, घडाघडा स्वाहिली. पलीकडं बायकांचा गलका झाला, ती कुणालातरी रागावली, मग कशावर तरी डोळ्यांत पाणी येईतो हसली. मी दारात तशीच उभी राहिले. फोन ठेवून ती मला म्हणाली, “बोलावतायत. जावं म्हणते.”

“मामांना घेऊन? मामी, वेड लागलंय का? वाटेत काही झालं तर?”

“झालं तर झालं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “हितं खुर्चीत बसून रोज थोडं थोडं मरतायत, ते तुला दिसंना?”

डॉक्टरांनी परवानगी द्यायला बराच काळ घेतला. मी हट्टानं सोबत गेले. माझा तो पहिलाच परदेश प्रवास. दोन विमानं बदलून, मग धुळीच्या रस्त्यानं जीपमधून. गावात शिरताना बायका जीपबरोबर धावत होत्या आणि ‘मामा सरो, मामा सरो’ ओरडत होत्या. मामा माझा हात घट्ट धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आंब्याच्या झाडाखाली सभा होती. चर्चमध्ये लोक मावले नसते. जोसेफ नेहमीप्रमाणं भाषांतराला शेजारी उभा राहिला. मामांनी पांढरा शर्ट घातला होता, मीच इस्त्री करून दिलेला. त्यांनी तोंड उघडलं… आणि काही नाही. ओठ हलत होते. एक हात वर गेला, तो तसाच राहिला. कुणी कुजबुजलं नाही, कुणी हललं नाही, आणि तेच मला सहन होईना. मी उठणार होते, मामांना खाली बसवणार होते, तोच चटईवर बायकांमध्ये बसलेली मामी उठली. पदर खोचला, पुढं गेली, जोसेफच्या खांद्याला हात लावून त्याला बाजूला केलं.

“अहो, मराठीत बोला,” ती म्हणाली. “घरी माझ्याशी बोलता तसं. पुढचं मी बघते.”

“काय… बोलू?”

“विहिरीचं सांगा.”

मामांनी तिच्याकडं पाहिलं. लोकांकडं नाहीच पाहिलं. म्हणाले, “माझ्या बापानं… विहीर खणली. पाणी… लागलं नाही.” मामीनं ते स्वाहिलीत सांगितलं. दुष्काळ पाहिलेली माणसं होती ती; बायकांच्या तोंडून सुस्कारा आला. “दुसरी… खणली.” मामी बोलली. “तिलाही… नाही.” पुन्हा सुस्कारा. “मग…” इथं शब्द हरवला. मामांचे डोळे भिरभिरायला लागले. मामीला ती गोष्ट पाठ होती, तिनं शंभरदा ऐकलेली होती. एक शब्द तिनं पुरवला असता तर सुटका झाली असती. तिनं पुरवला नाही. त्यांच्या डाव्या दंडावर हात ठेवून ती नुसती उभी राहिली, जणू आपल्याला दुसरं काही काम नाही. आणि मग आला. “मग… शेजाऱ्यानं खणली. त्याला… लागलं. त्यानं… सगळं पाणी… अर्धं आमचं केलं.”

टाळ्या, गलका, कुणीतरी गाणं सुरू केलं. मामांच्या चेहऱ्यावर ऊन आलं होतं. त्यांना अजून बोलायचं होतं. त्यांनी मामीकडं बोट केलं आणि, झटक्यानंतर मी ऐकलेलं सगळ्यांत लांब वाक्य, जवळजवळ न अडखळता म्हणाले, “इतकी वर्षं मीच बोललो, हिला कधी विचारलं नाही.”

लोक मामीकडं बघत होते. मागून एक म्हातारी ओरडली, बहुतेक ‘बाबू काय म्हणाले?’ असंच. मामीनं स्वाहिलीत काहीतरी उत्तर दिलं आणि सगळा जमाव खो-खो हसायला लागला. मामाही हसले, का ते कळलं नसताना. मी नंतर तिला एकटीला गाठून विचारलं. ती भांडी विसळत होती. “काही नाही गं,” म्हणाली. “मी सांगितलं, बाबूंना भूक लागलीय.” थोडा वेळ ती तसंच ताट विसळत राहिली. ते कधीच स्वच्छ झालं होतं.

त्यानंतर ती दोघं आणखी दोनदा तिकडं जाऊन आली, जोडीनं बोलून आली. गावच्या चर्चमध्येही मामा परत उभे राहायला लागले. खुर्ची खिडकीकडं वळली. या दिवसांत मी मामीला जेवढं आनंदात पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. तिचं स्वतःचं हृदय दमलं होतं, हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. गोळ्या डब्यात होत्या, आम्हाला वाटायचं त्या मामांच्याच आहेत.

दफनाला सगळा गाव आला. पेटीवर माती टाकताना हिराबाई म्हणाल्या, “बाई, जग फिरून आलीस, अन् हितंच ऱ्हायलीस.” दुपारी मवांझाकडून कॉल आला. पडद्यावर तिकडच्या त्या सगळ्या बायका होत्या, झाडाखाली, डोक्याला फडकी बांधलेल्या; जोसेफ दिसत नव्हता. त्या काही विचारत होत्या, पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या, आणि आमच्या भरलेल्या घरात त्यांना उत्तर देऊ शकेल असं कुणी नव्हतं. मी फोन मामांसमोर धरला. त्यांनी गायला सुरुवात केली. तिकडं एकदम शांतता झाली, आणि मग त्यांच्या भाषेत, त्याच चालीवर, त्या त्यांच्या मागून गायला लागल्या.

मी मामांना आता नागापूरला आमच्याकडं आणलंय. इथं कारखान्यांचे भोंगे आहेत, अंगण नाही, पण ते तक्रार करत नाहीत. रात्री जेवायला बसलो की प्रार्थना तेच करतात. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “प्रभू… या अन्नासाठी… तुझे आभार,” आणि थांबले. प्रार्थना संपली असं समजून माझ्या नवऱ्यानं ‘आमेन’ म्हटलं आणि भाकरी मोडली. मामांनी डोळे उघडले. आमच्याकडं नाही, स्वतःच्या डाव्या बाजूला पाहिलं, जरा वर, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडं पाहावं तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते अडले नव्हते. एक वाक्य झालं होतं, आणि ते तिचं बोलून व्हायची वाट बघत होते.

आता आम्हीही थांबतो. नवरा हात मांडीवर ठेवून बसतो. आमटीवरची वाफ कमी होत जाते, बाहेरून दुसऱ्या पाळीची बस जाते. मामा मान किंचित कलती करून ऐकतात. मग हलकेच मान हलवतात, आणि पुढचं वाक्य बोलतात.