टाचण्यांची बोली

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. ती जी चालवते तिला सगळे वहिनीच म्हणतात, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. गिरणी सुरू झाली की आत उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. गिऱ्हाइकं खुणेनं सांगतात: चिमूट चोळून दाखवली की बारीक, मूठ हलवली की जाडसर. त्या धडधडाटात वहिनी मात्र सारखी बोलत असते. डोक्याला फडकं, भुवयांवर पीठ, एक हात धान्याच्या पेटीवर आणि ओठ चाललेले. नवं गिऱ्हाईक समजतं, बाई आपल्याला शिव्या घालतेय. जुन्यांना ठाऊक आहे, ती भाषा घडवतेय.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते रद्दीत आलेल्या एका फाटक्या पुस्तकातून. त्यात लिहिलं होतं की फिनिश आणि हंगेरियन या एकमेकींपासून लांब पडलेल्या भाषा. माशाला एकीत म्हणतात काला, दुसरीत हाल. पाण्याला एकीत वेसी, दुसरीत वीझ. बोलणाऱ्यांना एकमेकांचं अक्षर कळत नाही, पण मागे मागे गेलं तर दोघींची पणजी एकच. वहिनीनं ते वाचलं त्या दिवशी कुणाचं तरी दळण दोनदा दळलं गेलं आणि पीठ पावडरीसारखं निघालं. भाषांनाही माहेर असतं, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं ठरवलं, आपणही असं एक घराणं उभं करायचं. एक आई आणि तिच्या लेकी. गिरणीमागच्या भिंतीवर खडूनं शब्द मांडायला लागली. आई-भाषा सावकाश तयार झाली. पाणी म्हणजे नाओमा, सुई म्हणजे रुवाना, ये म्हणजे हाओरे. ऐकायला मोठी गोड, तोंडभरून बोलायची भाषा. पण लेकी काही केल्या जमेनात. इथलं अक्षर गाळ, तिथलं वाढव, असं करून ती नवे शब्द काढायची आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. म्हणायची, बाहुल्या झाल्यात नुसत्या, श्वास नाही यांच्यात. नवरा पोती वाहता वाहता म्हणायचा, आपल्या घरात भाषेला पण बाळंतपण अवघड जातंय.

आणि खरी अडचण वेगळीच होती. आई-भाषा झाली, पण बोलायची कुणाशी? नवऱ्यानं सरळ कानावर हात ठेवले. दोन माणसांत गेली नाही ती भाषा भिंतीवरच राहणार, हे वहिनीला रात्रंदिवस टोचायचं.

शेवटी शिकली ती नणंद. वहिनी तिला वन्सं म्हणायची. गिरणीसमोरच्या खोलीत तिचं शिवणकामाचं दुकान. वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. तिला भाषांच्या घराण्याचं काडीचं कौतुक नव्हतं. तिला हवी होती ती सोय. समोर उभ्या गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याच्याचबद्दल दोन शब्द बोलता आले तर दिवस किती बरा जाईल, एवढाच तिचा विचार. त्या लोभानं ती भराभर शिकली. रस्त्याच्या अलीकडून पलीकडे त्या दोघी बोलायला लागल्या आणि मधून जाणारा प्रत्येक जण आपल्या कपड्यांकडे बघायला लागला. वहिनी त्या दिवसांत दळताना हसायची.

मग तिच्या लक्षात आलं की वन्सं शब्द खातात. नाओमाचं नोम करतात, हाओरेचं होर. वहिनीनं आधी गोडीनं सुधारलं. मग रोज सुधारलं. मग वन्संनी तोंड उघडायचा अवकाश, हिची दुरुस्ती तयार. एकदा दुकानात चार बायका बसल्या असताना वन्संनी सुई मागितली आणि वहिनीनं सगळ्यांदेखत तो शब्द त्यांच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतला.

चौथ्यांदा वन्सं बोलल्या त्या आपल्या नेहमीच्या भाषेत.

"हे बघ, तुझ्या गिरणीचा पट्टा माझ्या तोंडाला बसवू नकोस. तुझी भाषा तुला लखलाभ."

त्यानंतर त्यांनी तो विषय बंद केला. बाकी बोलणं चालू होतं, दळण येत होतं, विरजण मागून नेत होत्या. पण वहिनीनं रस्त्यापलीकडून हाओरे म्हटलं की वन्सं मशीनचं पायडल जोरात मारायच्या. जगात त्या भाषेचं दुसरं माणूस होतं तेवढं एकच, आणि ते आता गप्प झालं. नवरा म्हणाला, जाऊ दे, दुसरा छंद धर. वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पोतं न सांगता उचलून आत गेला.

उलगडा झाला तो एका फाटक्या बाहीमुळे. गिरणीतून पीठ जिथून डब्यात पडतं, तिथं कापडाची एक लांब बाही लावलेली असते. ती फाटली. एरवी वन्संच शिवून द्यायच्या. आता कुठल्या तोंडानं मागायचं? वहिनीनं गिरणी बंद केली आणि स्वतःच शिवायला बसली. कापड सरकू नये म्हणून टाचण्या लावायच्या होत्या. हात मोकळे नव्हते, म्हणून वन्सं धरतात तशा टाचण्या तिनं ओठांत धरल्या. सवयीनं पुटपुटायला गेली, नाओमा, आणि तोंड मोठं उघडेना. उघडलं तर टाचण्या पडतात. ओठांतून निघालं ते नोम.

ती तशीच बसून राहिली. मग हाओरे म्हणून पाहिलं. होर. रुवाना म्हणून पाहिलं. रुवन. शब्दामागून शब्द वन्संच्या तोंडचा निघत गेला, एकही चुकला नाही. वन्सं शब्द खात नव्हत्या. त्या टाचण्या सांभाळून बोलत होत्या, दिवसभर, वर्षानुवर्षं. आणि भिंतीवरची आपली भाषा इतकी ऐसपैस का, तेही तिला तेव्हाच कळलं. धडधडाटावरून पलीकडे पोचायला तोंड मोठं उघडावं लागतं. आपण समजत होतो, ती आई-भाषेची ऐट आहे. ती तर गिरणीची खोड होती.

जी लेक भिंतीवर काही केल्या जन्माला येत नव्हती, ती रस्त्यापलीकडे नांदत होती, आणि आपण तिच्या रोज थोबाडीत मारत होतो. हे वहिनीनंच मला नंतर सांगितलं, पीठ चाळता चाळता, मान वर न करता.

माफी मागायला ती लगेच गेली असती तर गोष्ट सोपी होती. पण वहिनी तशी नाही. नुसती माफी वन्संनी झाडून टाकली असती, हे तिला ठाऊक होतं. तिनं ठरवलं, जायचं तर वन्संची बोली बोलत जायचं. भिंतीवरचा एकेक शब्द तिनं ओठांत टाचण्या धरून नव्यानं घोटला. नवरा घाबरला, म्हणाला, एखादी गिळशील, मग तुझ्या वन्सं तुला उसवून काढतील. ओठ टोचला, सुजला, जेवताना झोंबायला लागला. ती थांबली नाही. काही दिवसांनी टाचण्यांशिवायही तोंड तसंच चालायला लागलं.

एका दुपारी तिनं पट्टा उतरवला, हात झटकले, कशीबशी टाचलेली ती बाही काखेत मारली आणि रस्ता ओलांडला. वन्सं कुणाचा तरी सदरा टाचत होत्या. त्यांच्या हाताखाली काजं-बटणं करणाऱ्या दोघी बाया खाली बसल्या होत्या. वहिनी दारातच उभी राहिली आणि टाचण्यांच्या बोलीत बोलली. पाणी द्या म्हणाली. सुई माझ्याकडे आहे, बाही तुमच्याकडे आणली आहे म्हणाली. माझंच चुकलं म्हणाली, आणि त्या वाक्यात एकही शब्द भिंतीवरच्यासारखा नव्हता.

टाचणं थांबलं. वन्संनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. त्याला वेळ लागला आणि वहिनीनं तो लागू दिला.

"रुवन कोण म्हणतं आता? रून म्हणायचं," वन्सं म्हणाल्या. "आम्ही केव्हाच सोडलं ते."

"आम्ही म्हणजे कोण, वन्सं?"

खाली बसलेल्या दोघींपैकी एकीनं मान खाली घालूनच दुसरीला काहीतरी म्हटलं. दोन शब्द असतील. दुसरी फिसकन हसली आणि वहिनीच्या सुजलेल्या ओठाकडे बघून तिनं पटकन पदर तोंडाला लावला. वहिनीला त्यातला एक शब्द ओळखू आला, दुसरा नाही.

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बैठक मारली आणि त्या बाईला म्हणाली, "काय म्हणालीस? परत म्हण, सावकाश."