दोघींचा एक मांडा

धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या खांद्याच्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं तेव्हा मला चक्क आनंद झाला. तोवर सगळे म्हणत होते, मनाचे खेळ आहेत. मग मी विचारलं, बरं कधी होणार? ते म्हणाले, "कमी होईल. किंवा असंच राहील. किंवा येऊन-जाऊन असेल." यापेक्षा आमचा ज्योतिषी बरा, चुकीचं का होईना, ठाम सांगतो.

मला फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी असोद्याला जाऊन मांडे करायचे होते. आमच्याकडे मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा. आईखालोखाल घरात ते मलाच जमायचं, आणि त्याचा तोरा मी भरपूर मिरवलेला. आता हात गेला तर माझं माहेरात काय उरलं, याची मला फार भीती वाटत होती.

भावजय मला चुलीजवळ येऊ देईना. "अक्का, तुमी बसा. हाताले झेपनार नही."

"नही झेपलं तं तुह्या डोक्यावर टाकीन," म्हणत मी गोळा उचलला.

मांडा झकास पसरला. ऐन टाकायच्या वेळी खांद्यात कळ आली आणि उजवा हात खालीच आला. मांडा लोंबायला लागला. भावजयीने धावत येऊन आपला उजवा हात त्याच्याखाली घातला. आता एका मांड्याला डावा हात माझा, उजवा तिचा. मी म्हणे पुढे, ती म्हणे मागे. असं हसू फुटलं की मांडाही आमच्याबरोबर गदगदा हलू लागला. शेवटी अर्धा खापरावर पडला, अर्धा चुलीत.

खाटेवरून आई ओरडली, "काय जळू राह्यलं वं?"

"तुमची लेक!" भावजय म्हणाली, आणि आम्ही दोघी तिथेच फतकल मारून हसत सुटलो. हसताना खांदा जास्तच ठणकत होता, पण थांबायचं कोणी?

दुपारपर्यंत आम्ही तशाच जोडीने टोपलं भरलं. गोल म्हणावा असा एकही मांडा नव्हता. आईने मात्र मागून घेऊन खाल्ला.

निघताना भावजयीने विचारलं, "पुढच्या आखाजीचं डॉक्टर काय म्हनता?"

"त्यायले बी माहीत नही."

"नसू दे. माहा उजवा हात कुठी चालला?"

एसटीत बसल्यावरही हसू येत होतं, आणि डोळे डाव्या हाताने पुसावे लागत होते.